दोष देहाचा कीं दुकानाचा?

सुमारें १९४० ते १९६० या काळांत स्त्रियांच्या अंतर्वस्त्रांच्या प्रसारार्थ अमेरिकेंत काढलेले जाहिरातीचे चित्रपट आतां घरबसल्या पाहावयास मिळतात. कळंब येथील आमच्या घरीं तरुण मंडळींनीं परवां त्यांतले दोनतीन लाविले, आणि सर्वजण पोट धरून हंसले. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं.

या चित्रपटांचा सांचा ठरलेला. आरशापुढें एक खिन्न स्त्री. तिची कंबर जाड, पोट सुटलेलें, असें निदान. मग मापें घेणारी जाणकार बाई, कंबर आवळणारा पट्टा, आणि शेवटीं हास्य! आजार आणि औषध दोन्ही एकाच दुकानचीं.

यामागील व्यापार समजून घेतला पाहिजे. नायलॉनचे मोजे अमेरिकेंत १९४० सालीं सर्वत्र विक्रीस आले. पुढें महायुद्धांत तेंच नायलॉन हवाई छत्र्यांकडे वळविलें गेलें, व युद्ध संपतांच पुन्हां बाजारांत परतलें. १९४७ सालीं, म्हणजे आपण स्वतंत्र झालों त्याच वर्षीं, पॅरिसच्या क्रिस्तियन दिओरनें बारीक कंबरेची टूम काढली. युद्धकाळांत कारखान्यांत राबलेली स्त्री पुन्हां आवळली गेली. तिची कंबर कांहीं एका वर्षांत जाड झाली नव्हती. बदलली होती ती फॅशन.

कोणी म्हणतील, प्राध्यापकानें हा विषय काढावा हेंच अशिष्ट. आम्हांस तें मान्य नाहीं. आपल्याकडे गोल पातळ आलें तेव्हां सकच्छ-विकच्छाचा केवढा गदारोळ झाला! सनातनी धर्म सांगत, सुधारक प्रगति सांगत. नेसणारीस चालतांना, वांकतांना काय सोयीचें, हें विचारणारे थोडे. ज्या गोष्टीविषयीं घरांत बोलावयाचें नाहीं, तिच्याविषयीं दुकानदारच बोलूं लागतो.

दुसरे म्हणतील, हे चित्रपट जुने. आतां त्यांचें काय? आतां इतकेंच बदललें आहे कीं, तो आरसा खिशांतल्या फोनमध्यें शिरला.

वस्त्राशीं आमचें वैर नाहीं. आधार देणारें, अंगास न काचणारें अंतर्वस्त्र ही गरजच आहे. आमची तक्रार आहे ती गरजेच्या जागीं लाज विकण्याविषयीं. आमच्या इंदापूर तालुक्यांत हंगामाच्या वेळीं उंसाच्या फडांत पाहावें. तोडणी करणारी बाई साडीवर पुरुषी सदरा चढविते, कारण उंसाच्या पात्यानें अंग कापतें. तिला कोणी चित्रपट दाखविला नव्हता. तिनें आधीं काम पाहिलें, मग वस्त्र निवडलें. घरांतल्या मुलींस आम्ही एवढेंच सांगूं: आरशापुढें उभ्या राहाल तेव्हां, हा दोष कोणीं दाखविला आणि पैसे कोण घेणार, हें आधीं विचारा.