वर्गापर्यंतची वाट

चॅपल हिलच्या बसमध्ये भाड्याची पेटी नाही. दार उघडते, माणसे चढतात, गाडी निघते. चढताना कुणी पाकीट चाचपत नाही की सुटे पैसे शोधत नाही. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या या गावात जानेवारी २००२ पासून हे असेच चालले आहे. वस्ती साठ हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. पण या गावात विद्यापीठ आहे, आणि तेही १७९५ मध्ये वर्ग सुरू केलेले. त्या देशातल्या सरकारी विद्यापीठांत सर्वांत आधी विद्यार्थ्यांना दार उघडले ते इथे. गाव या विद्यापीठाभोवतीच वाढले.

वाचकहो, इतक्या दूरच्या गावाची गोष्ट सांगण्याला कारण आहे. यंदाच्या दिवाळी अंकाचा विशेष विभाग शिक्षणाचा आहे. शुल्क, प्रवेश, परीक्षा, नोकऱ्या, मातृभाषा या साऱ्यांवर या अंकात पोटतिडकीने लिहिलेले लेख आहेत. घराच्या उंबऱ्यापासून वर्गाच्या दारापर्यंतचे अंतर मात्र या लेखांत ओझरतेच येते. त्या अंतराविषयी लिहिण्याचे काम संपादकीयाने करावे असे ठरवले.

चॅपल हिलने हे जमवले कसे, ते पाहण्यासारखे आहे. गावाने स्वतःची बससेवा १९७४ मध्ये सुरू केली. पुढे विद्यापीठ वाढत गेले, कर्मचारी वाढले, विद्यापीठाचे मोठे रुग्णालय वाढले. जुन्या गावाचे रस्ते मात्र होते तेवढेच राहिले. मोटारी उभ्या करायला जागा उरली नाही. बहुमजली वाहनतळ बांधायचा तर खर्च अफाट, आणि त्यात गेलेली जमीन पुन्हा वर्गखोल्यांना मिळणार नाही ती नाहीच. तोवर विद्यापीठ आपल्या लोकांसाठी बसचे पास आगाऊ विकत घेतच होते. हिशेब मांडल्यावर दिसले की दारात रोख जमा होणारे भाडे एकूण खर्चाच्या मानाने अगदी थोडे आहे. तेवढ्यासाठी पेट्या सांभाळायच्या, नाणी मोजायची, पास छापायचे, आणि प्रत्येक थांब्यावर रांगेपायी गाडी खोळंबून ठेवायची. विद्यार्थ्यांनी २००१ मध्ये मतदान करून स्वतःच्या शुल्कात थोडी वाढ मान्य केली, विद्यापीठाने आपला वाटा उचलला, चॅपल हिल आणि शेजारचे कारबरो या दोन्ही नगरपालिकांनी आपापला घातला. राज्याचे आणि केंद्राचे अनुदान होतेच. भाडे बंद झाले आणि काही वर्षांतच प्रवासी दुपटीवर गेले.

या व्यवस्थेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट पुढची आहे. पैशाचा मोठा भाग विद्यापीठाकडून येतो, तरी गाडी विद्यार्थ्यांपुरती ठेवलेली नाही. ओळखपत्र कुणीच विचारत नाही. रुग्णालयातून रात्रपाळी करून परतणारी परिचारिका, खानावळीत भांडी घासणारा कामगार, फ्रँकलिन स्ट्रीटवर बाजाराला निघालेली आजी, सगळे त्याच गाडीत बसतात. गावाच्या कडेला वाहनतळ आहेत. बाहेरून येणारा तिथे आपली मोटार ठेवतो आणि बसने आत येतो. विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी काढलेला पैसा अशा रीतीने साऱ्या गावाच्या पायाला बळ देतो. विद्यापीठाने आपल्या गावाचे देणे फेडावे तर असे, याहून सरळ उदाहरण मला माहीत नाही.

ही कल्पना एकट्या चॅपल हिलची नाही. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने १९९१ मध्ये अशीच पासयोजना सुरू केली. लॉस एंजेलिस म्हणजे मोटारींचे शहर. तिथल्या यूसीएलए विद्यापीठाने २००० मध्ये शेजारच्या सांता मोनिका शहराच्या बससेवेशी करार केला. विद्यार्थी आणि कर्मचारी आपले ओळखपत्र दाखवत, आणि फेरीमागे ठरलेली रक्कम विद्यापीठ शहराला देई. त्याच विद्यापीठातले नगरनियोजनाचे प्राध्यापक डोनाल्ड शूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या योजनेचा अभ्यास केला. पहिल्याच वर्षी बसने विद्यापीठात येणारे ५६ टक्क्यांनी वाढले आणि एकट्याने मोटार हाकत येणारे २० टक्क्यांनी घटले. शूप यांनी आयुष्यभर एकच गोष्ट निरनिराळ्या तऱ्हांनी मांडली: मोटार उभी करायला दिलेली जागा कधीच फुकट नसते, तिची किंमत कुणीतरी भरतच असतो. जो खर्च मोटारवाल्यासाठी बिनबोभाट होतो तो बसमधल्या विद्यार्थ्यासाठी करताना मात्र आपण दहा वेळा विचार करतो.

जर्मनीतही १९९१ मध्येच डार्मश्टाट शहरात सेमिस्टर तिकिटाची सुरुवात झाली. तत्त्व साधे: सगळे विद्यार्थी सत्राच्या शुल्काबरोबर थोडे थोडे भरतात आणि सगळ्यांना प्रवास खुला होतो. मी सायकलने येतो, मी का भरू, असे म्हणत काही जण कोर्टात गेले. तिथल्या सर्वोच्च न्यायालयांनी योजना कायम ठेवली. २०२४ मध्ये तर याच वाटेने विद्यार्थ्यांना तेव्हाच्या दराने महिन्याला २९.४० युरोंत देशभरच्या स्थानिक गाड्यांतून फिरण्याची सोय झाली.

बेल्जियममधल्या हॅसेल्टची गोष्टही सांगायला हवी. १९९७ मध्ये या शहराने साऱ्या बस मोफत केल्या, प्रवासी कित्येक पटींनी वाढले, जगभरातून लोक पाहायला आले. सोळा वर्षांनी शहराला वाढता खर्च पेलवेना आणि भाडे परत आले. चॅपल हिलचे ओझे अनेक खांद्यांवर आहे, म्हणून ते टिकले. आपल्या कामाची शिकवण इथे आहे असे मला वाटते.

आता आपल्याकडे वळू.

महाराष्ट्राने शिक्षण आणि घर यांतल्या अंतराचा विचार केला नाही, असे कुणी म्हणू नये. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात पहिले वसतिगृह काढले आणि पुढच्या वीस वर्षांत जातीजातींच्या, धर्माधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहांची रांग उभी केली. गावातून मूल शहरात आले तर राहील कुठे, जेवेल काय, हा प्रश्न त्यांनी शाळेइतकाच महत्त्वाचा मानला. त्याच कोल्हापुरात वसतिगृहात राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि तोच विचार साताऱ्यात आणि पुढे खेडोपाडी नेला. मुलाला शाळेजवळ आणून ठेवणे, हे त्या काळाचे उत्तर होते. १९४८ मध्ये पुणे–अहमदनगर रस्त्यावर पहिली एसटी धावली आणि दुसरे उत्तर मिळाले: मूल घरीच राहील, रोज जाईल-येईल. मुलींसाठी हे उत्तर फार मोठे ठरले. मुलीला वसतिगृहात ठेवायला तयार नसलेले घर तिला सकाळच्या एसटीत बसवायला तयार झाले.

म्हणून आपल्याकडे विद्यार्थ्याचे खरे वेळापत्रक आगारात ठरते. तालुक्याच्या कोणत्याही महाविद्यालयात दुपारी चारनंतर प्रयोगशाळेत डोकावून पाहावे. प्रात्यक्षिक अर्ध्यावर असते आणि लांबच्या गावच्या मुली सामान आवरू लागतात, कारण साडेपाचची गाडी चुकली तर पुढची नाही. ग्रंथालय सातपर्यंत उघडे असले काय, पाचला बंद झाले काय, त्यांना सारखेच. वक्तृत्वाची तालीम, एनएसएसचे काम, संध्याकाळचा जादा तास, सगळे शेवटच्या गाडीच्या पलीकडे राहते. रात्री गावात येऊन थांबणारी आणि पहाटे पोरांना घेऊन निघणारी मुक्कामी गाडी बंद झाली, तर त्या गावातल्या किती मुलींची अकरावी-बारावी थांबते, हे तिथल्या शिक्षकांना विचारावे. नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात एसटी संपामुळे उभी होती. करोनानंतर वर्ग उघडले होते, पण वर्गापर्यंत जायला गाडी नव्हती.

आणि गाडी असली तरी तिचे पैसे. ऑक्टोबर २०१५ मध्ये, दुष्काळाने पिचलेल्या लातूर जिल्ह्यात, कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीने जीव दिला. घरी एसटीच्या पासासाठी २६० रुपये नव्हते. त्यानंतर दुष्काळी भागातल्या विद्यार्थ्यांना मोफत पास देण्याचा निर्णय झाला. तो निर्णय योग्य होता. तो तिच्या आधी व्हायला हवा होता, हे दहा वर्षांनंतरही म्हणावेसे वाटते.

सरकार काहीच करत नाही असेही नाही. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे. इतर विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत आहे. २०२४ च्या जूनपासून पास थेट शाळा-महाविद्यालयात देण्याची मोहीम सुरू झाली, त्यामुळे स्टँडवरच्या रांगेत वाया जाणारे दिवस वाचले. त्याच वर्षी जुलैमध्ये, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. हे मोठे पाऊल आहे. पण तेरावीला गेलेल्या त्याच मुलीला मोफत पास नाही, आणि शहरात उतरल्यावर स्टँडपासून महाविद्यालयापर्यंतच्या सिटीबसचे भाडे वेगळे. पुण्यात १ जून २०२५ पासून पीएमपी या शहर बससेवेचे किमान भाडे पाचाचे दहा रुपये झाले. माफ झालेल्या शुल्कापुढे ही रक्कम लहान दिसते खरी, पण ती रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी रोख लागते. शुल्काला शिष्यवृत्ती मिळते, रोजच्या दहा रुपयांसाठी आईकडेच हात पसरावा लागतो.

या साऱ्यात एक पक्ष कुठेच दिसत नाही, तो म्हणजे विद्यापीठ. पीएमपीची संचालन तूट पुणे महापालिका ६० आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ४० टक्के या प्रमाणात भरतात. महापालिका शाळांतल्या मुलांच्या प्रवासाची तरतूदही करतात. एसटीच्या सवलतींची भरपाई राज्य सरकार करते. ज्या संस्थेत पोहोचण्यासाठी हा सारा प्रवास चालतो तिने मात्र आपली जबाबदारी फाटकापासून आत सुरू होते असे धरले आहे. फाटकाच्या आत ती पुष्कळ करते: ‘कमवा व शिका’ योजना चालवते, विद्यार्थी विकास मंडळामार्फत मदत देते. पण शहराच्या बसचे मार्ग, वेळा आणि पैसा ठरतो त्या बैठकीत कुलगुरूंची खुर्ची नसते, आणि आपली खुर्ची तिथे असावी असे कुणी कुलगुरू म्हणाल्याचे माझ्या ऐकण्यात नाही.

भार विद्यार्थ्यांच्या शुल्कावर टाका, असे मी म्हणणार नाही. चॅपल हिलच्या विद्यार्थ्यांनी मत देऊन शुल्क वाढवले ते त्यांच्या परिस्थितीत. आपल्याकडे वाढलेले शंभर रुपयेही कुणाला तरी बाहेर ठेवतात. शिष्यवृत्तीधारक आणि शुल्कमाफीतले विद्यार्थी पूर्ण वगळून, बाकीच्यांकडून घ्यायचेच तर अगदी नाममात्र घ्यावे. मुख्य वाटा विद्यापीठाने, श्रीमंत संस्थाचालकांनी आणि महापालिकेने उचलावा. गाड्याच कमी आहेत, मोफत करून गर्दी तेवढी वाढेल, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच करारात आधी फेऱ्या लिहाव्यात, मग पैसे: सकाळी सात ते नऊ किती, संध्याकाळी शेवटची किती वाजता. दरवर्षीची रक्कम ठरलेली असेल तर परिवहन उपक्रमाला गाडी आणि चालक यांची तजवीज आधी करता येते. दारात पडणाऱ्या नाण्यांच्या भरवशावर ती करता येत नाही.

सुरुवात कुठून करावी असे कुणी विचारले तर मी कोल्हापूर म्हणेन. शहर आवाक्यातले आहे. शहराची बससेवा केएमटी महापालिकेची स्वतःची आहे आणि वर्षानुवर्षे तोटा सोसत आहे, त्यामुळे तिलाही खात्रीच्या उत्पन्नाची गरज आहे. १९६२ मध्ये स्थापन झालेले शिवाजी विद्यापीठ शहराच्या कडेला माळावर आहे, तिथे चालत जाणे अवघड आणि बसने जाणे सोपे. एसटी स्टँड आणि रेल्वे स्टेशनवर उतरून रोज विद्यापीठाकडे आणि शहरातल्या महाविद्यालयांकडे जाणारी मुले-मुली आसपासच्या तालुक्यांतून येतात. दिवाळी झाली की महापालिकेत आणि विद्यापीठात पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाची जुळवाजुळव सुरू होते. मार्चमध्ये अधिसभेसमोर विद्यापीठाचे अंदाजपत्रक येते, त्याच सुमारास महापालिकेचेही. आयुक्त आणि कुलगुरू यांनी त्याआधी एकदा एकत्र बसावे. स्टँड ते विद्यापीठ या एका मार्गाचा वर्षाचा खर्च केएमटीकडून लेखी मागवावा, दोघांनी तो आपसांत वाटून घ्यावा आणि जूनमध्ये नवे सत्र सुरू होईल त्या दिवसापासून त्या मार्गावर ओळखपत्र दाखवणाऱ्या विद्यार्थ्याचे तिकीट फाडू नये. वर्षभर प्रवासी मोजावेत, वर्गातली हजेरी मोजावी, आणि आकडे लोकांसमोर ठेवावेत. पुढच्या दिवाळी अंकात ते छापायला आम्ही जागा राखून ठेवू.