लेण्यांची वाट कोण दाखवणार?

लेण्याद्रीला येणारे बहुतेक पर्यटक सातव्या लेण्यातल्या गणपतीचं दर्शन घेऊन परततात. ते लेणं मुळात भिक्खूंचा विहार होतं, हे सांगणारा गाईड क्वचितच भेटतो. शेजारच्या सहाव्या लेण्यातला स्तूप बघायला किती जण थांबतात? मानमोडी, तुळजा लेण्यांकडे तर फारच थोडे फिरकतात.

जुन्नरच्या शिलालेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचा उल्लेख आहे. धम्माच्या व्यवहारात कारागीर असे सामील होते. हे आपल्या पोरांना कोण सांगणार?

इतिहास पळवला म्हणून नुसतं ओरडून भागणार नाही. जो वाट दाखवतो, तोच गोष्ट सांगतो. मित्रांनो, धम्मलिपी शिका, लेणी अभ्यासा, वस्तीतली दहा पोरं घेऊन मानमोडी चढा. आपले गाईड आपणच होऊ.

जय भीम!