शंभर हातांची संमती पुरणार नाही

प्रति,
मा. सरपंच, उपसरपंच व सर्व सदस्य, ग्रामपंचायत साखरखेर्डा
मा. ग्रामपंचायत अधिकारी, साखरखेर्डा
मा. गटविकास अधिकारी, पंचायत समिती, सिंदखेडराजा

विषय : जुन्या गावठाणाची पुनर्बांधणी आणि तिला लागणारी लोकांची संमती

महोदय,



1724 साली निजामाने मुबारिजखानाला इथे हरवले आणि साखरखेर्ड्याचे नाव इतिहासात गेले. आम्ही मात्र त्या नावाच्या जुन्या गावठाणात अजून राहतो. मातीच्या भिंती, माथ्यावर माळवद. पावसाळ्याआधी त्यावर पांढरी माती चढवायची आणि झड लागली की घरभर पराती-बादल्या मांडायच्या. माती चढवणारे हात आता म्हातारे झाले. तरणी पोरे पुण्याला नाहीतर संभाजीनगरला. रात्री कुणाला झटका आला तर रुग्णवाहिका बोळात शिरत नाही; माणूस बाजेवर घालून रस्त्यापर्यंत आणावा लागतो. गावठाण नव्याने बांधा, असे म्हणणारे म्हणूनच घरोघर भेटतील.

पण पारावरचा होकार वेगळा आणि स्वतःची भिंत पाडायला दिलेला होकार वेगळा. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, यांपैकी जी संख्या कमी ती. सभा तहकूब झाली तर पुढच्या सभेला तीही अट उरत नाही. एवढ्यावर ठराव कायदेशीर होईल. त्या ठरावावर बोळ रुंद होणार नाही. ज्याची ओसरी रस्त्यात जाणार, तो त्या दिवशी सभेला नसेल तर काम तिथेच अडेल, आणि प्रकरण कोर्टात गेले की आणखी दहा पावसाळे निघून जातील.

शहरातल्या पुनर्विकासाचा कित्ता इथे गिरवता येणार नाही. मुंबई-पुण्यात सोसायटीची इमारत पाडली की बिल्डर वाढीव मजले विकून खर्च वसूल करतो. आपल्या बोळात चौथ्या मजल्यावर फ्लॅट कोण घेणार? इथे सरकारी निधी आणि घरमालकाची पुंजी, दोनच आधार. तिथला एक नियम मात्र घेण्याजोगा आहे. 2019च्या शासन निर्णयानुसार सोसायटीच्या एकूण सभासदांपैकी 51 टक्क्यांची संमती लागते. हजर असलेल्यांची मोजून भागत नाही.

आमची पहिली मागणी कागदांची आहे. ग्रामपंचायतीचा नमुना 8 ही कर आकारणीची नोंद. मालकीचा पुरावा ती होत नाही. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाण मोजून मिळकत पत्रिका देण्याची सोय 2020पासून आहे. त्या मोजणीचा नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा, हरकती घ्या. एका घरावर तीन भावांची नावे, एक इथे, दोघे बाहेर, मागची खोली पडलेली आणि पुढच्या खोलीत म्हातारी आई, अशी घरे प्रत्येक आळीत आहेत. प्रधानमंत्री आवास योजनेचे 1 लाख 20 हजार रुपये त्या आईला मिळायचे तर आधी जागा कुणाची हे ठरायला हवे. वारसनोंदी आणि वाटणीपत्रांसाठी गावातच शिबिर घ्या. सणाला घरी आलेली पोरे तेव्हाच सह्या करून जातील.

दुसरी मागणी : आराखडा आधी, होकार नंतर. कुणाची किती फूट जागा जाणार, बदल्यात काय मिळणार, बांधकाम चालू असताना राहायचे कुठे, हे घरागणिक लिहून द्या. ज्यांची जागाच संपते, त्यांच्यासाठी जमीन महसूल संहितेच्या कलम 122खाली गावठाणाची हद्द वाढवण्याचा प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवा.

तिसरी मागणी बायकांच्या वतीने. 1993च्या किल्लारी भूकंपानंतर काही गावे नव्या जागी वसवली, तर हजारो घरे जागच्या जागी दुरुस्त केली. दुरुस्तीच्या कामात महिला मंडळांतल्या बायकांना संवाद साहाय्यक म्हणून नेमले होते. हप्ता कधी, सिमेंट किती, भिंत कशी बांधायची, हे त्या घरोघर सांगत. आपल्याकडे वॉर्डसभा आणि महिला सभा कायद्यात आहेतच. त्या कागदावर उरकू नका. चूल कुठे, न्हाणी कुठे, नळ कुठे, हे तिथे ठरू द्या.

एवढे झाले की प्रत्येक आळीत लेखी संमती घ्या आणि जिथे बहुतेक घरे तयार असतील, तिथून काम सुरू करा. एक आळी नीट उभी राहिली की बाकीच्यांना समजवावे लागणार नाही. नकार देणाऱ्याला विकासाचा विरोधक ठरवू नका. त्याची अडचण इतिवृत्तात नोंदवा आणि उत्तरही लेखी द्या.

येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि मोजणीच्या नकाशाची प्रत सभेच्या आठ दिवस आधी लोकांसमोर लावावी, ही विनंती.

कळावे,
जुन्या गावठाणातला एक घरपट्टीधारक