कणीस अजून दुधात आहे

दिवाळीचा चिवडा डब्याच्या तळाशी गेला की बंगळुरूहून भाच्याचा फोन येतो. "मावशी, चोवीस डिसेंबर ते एक जानेवारी. तीन मित्र आहेत बरोबर, दोघं दिल्लीचे, एक केरळची. महाराष्ट्रातला हिवाळा दाखवायचाय. कुठं नेऊ?" तारखा ठरलेल्या, विमानाची तिकिटं काढलेली, जागा तेवढी मी सांगायची. या सदरात दर आठवड्याला भटकंतीबद्दल लिहिते म्हणून माझ्याकडे सगळ्याची उत्तरं असतात, असा घरच्यांचा समज आहे. माझं उत्तर मात्र दरवर्षी एकच असतं आणि त्याला ते कधीच पटत नाही: तीन आठवड्यांनी ये.

दिल्लीच्या माणसाला आपण थंडी काय दाखवणार? निफाडचा पारा उतरला की आपल्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर बातमी येते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी गवतावर दव गोठलं, की त्या पांढऱ्या कणांचे फोटो राज्यभर फिरतात. आपल्याला त्याचं अप्रूप आहे, असूही दे. पण त्यासाठी कुणी विमानानं येऊ नये. आपल्याकडचा हिवाळा बघायचा असतो तो शेतात, बागेत आणि पाणथळीत. थंडीनं तिथं काय काय आणून ठेवलंय ते बघायचं, आणि जमलं तर खायचं. अडचण एवढीच, की ह्यातलं बहुतेक सगळं नेमकं त्या एका आठवड्यात तयार नसतं, ज्या आठवड्यात अख्खा देश सुट्टीवर निघतो.

हुरड्याचंच घ्या. माझं माहेर मंगळवेढ्याचं, त्यामुळे ह्या विषयात मी तटस्थ नाही, हे आधीच सांगते. आमच्याकडची काळी जमीन पावसाळाभर पाणी पिऊन बसते आणि त्या ओलीवर हस्त नक्षत्राच्या आगेमागे शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पेरतात. पुढं पाऊस नाही, बहुतेकांकडे पाणीही नाही. पीक उभं राहतं ते जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीवर. पेरल्यापासून तीन महिने उलटले की कणसात दूध भरतं. दुधाचा चीक झाला की तो हुरडा. तिथून जेमतेम आठवडा हातात असतो, मग दाणा निबर होतो आणि त्याची वाट भाकरीकडे लागते. आता हस्तापासून बोटं मोजा. एकतीस डिसेंबरला कोरडवाहू शाळूचं कणीस बहुतेक वर्षी दुधात असतं. भाजलं तर सालपटच हाती येतं.

तरीही त्या रात्री पुण्याभोवती जागोजागी हुरडा पार्टी होते. होऊ शकते, कारण विहिरीला पाणी असलेला शेतकरी हुरड्याचं वाण टप्प्याटप्प्यानं पेरतो आणि एक वाफा बरोबर वर्षअखेरीला आणतो. त्यात कष्ट आहेत, हिशोब आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. नावं ठेवीन ती सोबतच्या स्पीकरला, रेन डान्सला आणि मक्याच्या दाण्यांसारखा काट्यानं खायला दिलेल्या हुरड्याला. हुरडा हा ताटात वाढायचा पदार्थ नाही. जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवतात, ज्वाळ बसली की कणसं निखाऱ्यात खुपसतात. आगटी सांभाळणारा माणूस कणीस बाहेर काढून हातावर चोळतो, फुंकर मारून कोंडा उडवतो आणि गरम हिरवे दाणे थेट तुमच्या ओंजळीत टाकतो. त्याच्या तळहाताची कातडी कशाची बनलेली असते कोण जाणे. गूळ, शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, घट्ट दही, मध्येच बोरं, नंतर ताक. वाण विचारून घ्या. गुळभेंडी म्हणाले तर बसा, सुरती म्हणाले तरी बसा. मालदांडी आमची लाडकी, पण ती भाकरीसाठी. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं खास हुरड्यासाठी फुले उत्तरा आणि फुले मधुर अशी वाणं काढली आहेत. मधुर खाऊन बघितलाय, गोड आहे. आमचे वडील असते तर "जरा जास्तच गोड" म्हणाले असते.

हुरड्यापासून भिगवण फार लांब नाही. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या वाटेवरच उजनी धरणाचं पाणी पसरलेलं आहे. भीमेवर हे धरण १९८०च्या सुमारास झालं, आणि त्याच्या फुगवट्याच्या कडेला पाहुणे पक्षी उतरू लागले. त्यात सगळ्यांना हवा असतो रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. वर्षअखेरीला गाड्यांची रांग लागते, नावाड्यांना क्षणाची उसंत नसते, आणि पाऊस भरपूर झालेल्या वर्षी रोहित दिसतात ते कुठंतरी दूर, गुलाबी रेघेसारखे. कारण साधं आहे. रोहित चोच उलटी करून चिखलपाणी गाळून खातो. त्याला पाय टेकता येईल असं उथळ पाणी लागतं आणि काठोकाठ भरलेल्या धरणात ते नसतं. रब्बीसाठी कालव्यातून पाणी सुटायला लागलं, पातळी उतरली, काठचा गाळ उघडा पडला, की तो जवळ येतो. कालव्याला पाणी आल्यावर तिकडे उसाला पाळी बसते आणि इकडे रोहिताचं ताट वाढलं जातं. जानेवारीचा उत्तरार्ध ते मार्च, असा तो काळ. डिसेंबरात गेलात तर चक्रवाक आणि कुरव बघा, आणि पट्टकादंब भेटला तर त्याला आधी नमस्कार करा, हिमालय ओलांडून आलेला असतो तो.

इथं एक विनंती, नावाड्यांना नव्हे, प्रवाशांना. थवा उडाला की पंखांचा लाल रंग दिसतो आणि फोटो झकास येतो, म्हणून नाव थव्यात घालायला सांगणारे महाभाग मी पाहिलेत. नावाडी मूळचा मासेमार. त्याला ते पटत नसतं, पण बिदागीवर पोट आहे. तुम्ही सांगितलं नाहीत तर तो घालणार नाही.

द्राक्षांची गोष्ट याहून गमतीची. नाशिकला जाऊन बागेत हिंडायचं, घड तोडायचा, वायनरीत द्राक्षं तुडवायची, हा बेत नाताळात आखणारे दरवर्षी भेटतात. द्राक्षाची फळछाटणी होते साधारण ऑक्टोबरात आणि तिथून चारेक महिन्यांनी माल तयार होतो. म्हणजे फेब्रुवारी. बागलाणातली अर्ली द्राक्षं सोडली, तर डिसेंबरअखेर वेलीवर असतात ते हिरवे, टणक, तोंड वाकडं करणारे मणी. आणि त्याच दिवसांत बागाईतदार रात्र रात्र जागा असतो. निफाडचा पारा उतरला की पर्यटकाला मजा वाटते, त्याच्या पोटात गोळा येतो. थंडीनं मण्यांची वाढ थांबते, तयार मालाला तडे जातात. म्हणून बागेत शेकोट्या पेटतात, पहाटे ठिबक चालू करतात, विहिरीच्या कोमट पाण्यानं मुळांना ऊब मिळावी म्हणून. त्या धुराचे फोटोसुद्धा मी पर्यटनाच्या पानावर छापलेले पाहिलेत, खाली ओळ होती: थंडीत न्हालेलं नाशिक.

निफाड तालुक्यातच नांदूर मधमेश्वर आहे, गोदावरी आणि कादवेच्या संगमावर. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, २०२०मध्ये तो दर्जा मिळाला. सकाळी साडेसहाला मनोऱ्यावर चढा, दोन स्वेटर घाला, थर्मासमध्ये चहा न्या. भिगवणपेक्षा इथं गर्दी कमी. मला तरी हेच अधिक आवडतं.

महाबळेश्वरबद्दल थोडक्यात, कारण जास्त लिहिलं तर रागानं लिहीन. स्ट्रॉबेरी नोव्हेंबरअखेर दिसू लागते, पण तोडा जोरात येतो जानेवारीनंतर. नाताळच्या आठवड्यात पसरणीच्या घाटात गाडीला गाडी चिकटलेली असते आणि माणूस चार तास ब्रेकवर पाय ठेवून आपण थंड हवेच्या ठिकाणी आहोत असं स्वतःला सांगत राहतो. फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी जा. भिलारला थांबा. ते गाव स्ट्रॉबेरीचं होतंच, २०१७पासून पुस्तकांचंही झालंय. घराच्या पडवीत बसून पुस्तक वाचावं आणि समोरच्या वाफ्यातली स्ट्रॉबेरी विकत घेऊन खावी, असं दुसरं गाव मला तरी माहीत नाही.

ताडोबाचंही तसंच. वर्षअखेरीच्या सफारी कधीच भरून गेलेल्या असतात, उघड्या जिप्सीत दात वाजतात, गवत उंच, पाणी जंगलभर, वाघाला बाहेर यायची गरज काय? वाघच हवा असेल तर एप्रिलचं ऊन सोसा.

आणि वेळास. मंडणगड तालुक्यातलं हे किनाऱ्यावरचं गाव, नाना फडणवीसांचं. इथल्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२मध्ये गावकऱ्यांना हाताशी धरून घरटी राखायला सुरुवात केली, पुढं कासव महोत्सव सुरू झाला. अंडी उबायला पन्नासेक दिवस लागतात, त्यामुळे पिल्लं निघतात ती मुख्यतः फेब्रुवारीअखेरीपासून पुढं. कुंपणातल्या घरट्यांवर टोपल्या पालथ्या घातलेल्या असतात, सकाळ-संध्याकाळ त्या उचलून बघतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा संध्याकाळी टोपली उचलली, रिकामी. सकाळी उचलली, रिकामी. माझ्या शेजारी मुंबईचे एक गृहस्थ "आम्ही पैसे भरलेत" म्हणत होते. कुणाला म्हणत होते? कासवीला? मी एक रात्र आणखी राहिले, मुक्कामाच्या घरी घावन आणि नारळाचं दूध खाल्लं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी टोपलीखाली सात पिल्लं होती. वाळूवरून लाटेपर्यंतचं ते वीस पावलांचं अंतर कापायला त्यांना बराच वेळ लागला. कुणी बोललं नाही.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर भाच्याची बाजूही आहे. त्याच्या कंपनीत ती एकच सलग सुट्टी मिळते. मुलं असणाऱ्यांना शाळेचं वेळापत्रक. त्यांनी घरी बसावं असं मी म्हणत नाही. दगडाला हंगाम नसतो. वेरूळचं कैलास लेणं मे महिन्यात तव्यासारखं तापतं, डिसेंबरात तिथं दिवसभर हिंडता येतं. मंगळवारी वेरूळ बंद, सोमवारी अजिंठा बंद, एवढं लक्षात ठेवा. आणि अमावास्या कधी आहे तेही बघा. लातूर-धाराशिवकडे आणि आमच्या सोलापूरच्या काही भागात मार्गशीर्ष अमावास्येला येळवस असते. त्या दिवशी लातूरसारखं शहर ओस पडतं, सगळे शेतात. कडब्याची कोप, त्यात मांडलेले पांडव, मडक्यातलं आंबील, बाजरीचे उंडे आणि भज्जी. ही भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. हिरवे दाणे आणि पालेभाज्या बेसनात शिजवतात, तिची चव शब्दांत पकडायचा माझा प्रयत्न दोनदा फसलाय. येळवस कधी डिसेंबरात येते, कधी जानेवारीत. २०२४मध्ये ती ३० डिसेंबरला आली होती, अगदी भाच्याच्या सुट्टीत. तिकीट नाही, आगाऊ नोंदणी नाही. कुणीतरी "शेतात या" म्हणावं लागतं, आणि त्या दिवशी सहसा कुणीही म्हणतं. भाचा तेव्हा गोव्याला गेला होता.

यंदा फोन आला तेव्हा मी वाद घातला नाही. थेट मंगळवेढ्याला भावाला फोन लावला. "आक्का, औंदा पाऊस थांबलाच नाही. वापसा यायला उशीर, पेरणी दहा-बारा दिवस पुढं गेली. संक्रांतीची भोगी झाल्याबिगर काय खरं नाही." तो निरोप जसाच्या तसा भाच्याला पाठवला. वापसा म्हणजे पेरणीजोगी झालेली जमिनीतली ओल, हे समजावून सांगितलं. दोन दिवस शांतता. मग रात्री अकराला उत्तर आलं: सुट्टी बदलून घेतोय, केरळवाली पण येणार, अठरा जानेवारी चालेल का?

चालेल की नाही ते मी कसं सांगणार? भावाचा नंबर दिलाय.