गाडी मिसिंग मारते? आधी निदान, मग खर्च

जानेवारीतली धुक्याची पहाट. लखनौच्या निशातगंजमधल्या एका गल्लीतून दुधाचे कॅन आणि पनीरचे डबे भरलेला छोटा पिकअप बाहेर पडतो. गोमती ओलांडून हजरतगंजच्या दुकानांत सात वाजेपर्यंत माल पोहोचवायचा असतो. गल्लीत गाडी ठीक चालते. पण पुलाचा चढ लागला, ॲक्सिलरेटर दाबला की गाडी धक्के देऊ लागते. इंजिनाचा एकसारखा सूर तुटतो आणि समोरच्या पट्टीवर इंजिनाचे चित्र असलेला पिवळा दिवा लुकलुकू लागतो. गॅरेजच्या भाषेत सांगायचे तर गाडी ‘मिसिंग’ मारत आहे.

अशा वेळी सल्ला देणाऱ्यांची कमतरता नसते. शेजारी म्हणतो, पंपावर भेसळ झाली असेल. मेहुणा म्हणतो, गॅसचे किटच खराब आहे. एखाद्या गॅरेजमध्ये काहीही न तपासता इंजेक्टर बदलले जातात. हजारो रुपये जातात आणि दुसऱ्या दिवशी पुलावर गाडी पुन्हा तसेच धक्के देते. घरचा हिशेब सांभाळणारी पत्नी मग विचारते, “अहो, नेमके बिघडले काय होते, ते कोणी सांगितले का?”

प्रश्न साधा आहे, पण खर्च करण्याआधी विचारायचा प्रश्न हाच असतो. पिकअपवर ज्यांचे पोट चालते, त्यांच्यासाठी एक दिवसाची खोटी म्हणजे नासलेला माल, तुटलेले गिऱ्हाईक आणि थकलेला हप्ता.

मिसिंग म्हणजे काय?

चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दर दोन फेऱ्यांत एकदा पेट घेतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर एकेका सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा ठिणगी पडते. त्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात : हवा आणि इंधनाचे योग्य मिश्रण, ते घट्ट दाबले जाणे आणि ऐन वेळी जोरदार ठिणगी. यातले एक जरी हुकले, तरी तो सिलिंडर काम करत नाही. बाकीच्या तिघांवर भार पडतो आणि गाडी धक्के देते. म्हणजे कारणे अनेक असली, तरी ती या तीन घरांतच शोधायची असतात.

पूर्वी इंजिनात कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर आणि पॉइंट असत. कान तयार असलेला मिस्त्री नुसत्या आवाजावरून दोष सांगत असे. १९७२ साली स्थापन झालेल्या लखनौच्या ‘स्कूटर्स इंडिया’ने बनवलेल्या विक्रम टेंपोंवर हात बसलेले कारागीर या शहरात पुष्कळ होते. तो कारखाना बंद करण्याचा निर्णय सरकारने २०२१ मध्ये घेतला. आता नव्या गाड्यांत संगणक आला आहे. परंतु विचार करण्याची जुनी पद्धत आजही तितकीच उपयोगी आहे.

आधी विचारपूस

चांगला मिस्त्री बॉनेट उघडण्याआधी प्रश्न विचारतो. धक्के थंड इंजिनावर येतात की गरम झाल्यावर? रिकाम्या गाडीत की भरलेल्या? गॅसवर की पेट्रोलवर? गाडी नुकतीच धुतली होती का? उंदरांनी वायर कुरतडल्या आहेत का?

निशातगंजच्या या पिकअपचेच उदाहरण घ्या. वयस्क मिस्त्रीने पहिली गोष्ट केली, ती म्हणजे बटण दाबून गाडी सीएनजीवरून पेट्रोलवर घेतली. धक्के कमी झाले, पण भरल्या गाडीत चढावर अधूनमधून येतच राहिले. म्हणजे दोष केवळ गॅसच्या किटमध्ये नव्हता. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेजची ठिणगी लागते. त्यामुळे ठिणगी कमजोर झाली, की तक्रार आधी गॅसवर जाणवते. पेट्रोलवर धक्के पूर्णपणे थांबले असते, तर गॅसचा फिल्टर, रेग्युलेटर आणि गॅसचे इंजेक्टरही तपासावे लागले असते.

मग स्कॅनर लावला. पी ०३०३ असा कोड आला. शेवटचा आकडा सिलिंडरचा असतो, म्हणजे तिसरा सिलिंडर हुकत होता. पी ०३०० आला असता, तर दोष एका सिलिंडरपुरता नाही असे समजून हवेची गळती, इंधनाचा दाब यांकडे वळावे लागले असते. मात्र स्कॅनर फक्त ‘कोठे’ ते सांगतो, ‘का’ ते सांगत नाही. कोड पाहून थेट सुटा भाग मागवणे ही सर्वांत महागडी चूक आहे.

अदलाबदलीची युक्ती

यानंतरच्या तपासणीला एक पैसाही लागत नाही. इंजिन थंड झाल्यावर मिस्त्रीने तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर लावली. कोड पुसला आणि भरलेली गाडी पुन्हा पुलावर नेली. कोड पुन्हा तिसऱ्याचाच आला. म्हणजे कॉइल निर्दोष होती. मग याच दोन सिलिंडरच्या प्लगची अदलाबदल केली. या वेळी पी ०३०१ आला. दोष प्लगबरोबर सरकला होता. चोर सापडला!

प्लग उजेडात धरल्यावर त्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर केसाएवढा तडा दिसला. भार वाढला, की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते. तेव्हा वीज टोकाशी उडी मारण्याऐवजी तड्यातून निसटत होती. म्हणूनच गाडी गल्लीत शहाणी आणि पुलावर हट्टी होती.

“चाचा, मग ते इंजेक्टर?” मालकाने विचारले.

“ते चांगलेच होते. तुम्ही आधी निदान करून घ्यायला हवे होते,” मिस्त्री म्हणाला.

चारही प्लग एकाच वयाचे होते, म्हणून चारही बदलले. गॅप गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे फिलर गेजने तपासली. प्लग आधी हाताने फिरवून बसवले, मग ठरलेल्या जोरानेच आवळले. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये जबरदस्ती केली, तर आटे जातात आणि शंभराचे काम हजारांत पडते.

प्लग बदलूनही दोष त्याच सिलिंडरमध्ये राहिला असता, तर इंजेक्टरची पाळी आली असती आणि नंतर कॉम्प्रेशनची. ते कमी भरले, तर व्हॉल्व्ह, पिस्टनच्या रिंगा किंवा हेड गॅस्केट. मोठे काम सगळ्यात शेवटी.

हे लक्षात ठेवा

० दिवा लुकलुकत असेल, तर ॲक्सिलरेटर सोडा आणि भरलेली गाडी दामटू नका. न जळलेले इंधन सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि आतली जाळी वितळू शकते. हा भाग प्लगच्या कितीतरी पट महाग असतो.

० चालू इंजिनात प्लगची वायर किंवा कॉइल उपटून पाहण्याची जुनी सवय सोडा. तेथे हजारो व्होल्ट असतात.

० गॅसचा वास येत असेल, तर इंजिन बंद करा, सिलिंडरचा व्हॉल्व्ह फिरवा आणि गाडीपासून दूर व्हा. सीएनजी सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी करावीच लागते.

० डिझेल पिकअपला ठिणगीचा प्लग नसतो. तेथे फिल्टरमधले पाणी, नळीत शिरलेली हवा आणि इंजेक्टर पाहावे. कॉमन रेल इंजिनाचा जास्त दाबाचा नट चालू गाडीत कधीही सैल करू नका. ती धार कातडीतून आत शिरते.

० काढलेला भाग परत मागा आणि तो का बदलला, ते विचारा.

दुसऱ्या दिवशी धुके तेवढेच दाट होते. पिकअप एका सुरात पूल चढला आणि दूध वेळेवर पोहोचले. त्या रात्री हिशेबाच्या वहीत पत्नीने चार प्लगची तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवले. पुढच्या वेळी प्लग कधी बदलायचे, ते आता इंजिनाने धक्के देऊन सांगायची गरज पडणार नाही.