गोठवून वाळवायचे, तर घरात काय काय हवे?



घाटमाथ्यावर स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या एका भगिनीचे पत्र समोर आहे. त्या लिहितात, "भाव पडला की पिकलेले फळ दोन दिवससुद्धा थांबत नाही. मुलाने मोबाईलवर फळे गोठवून वाळवायचे यंत्र पाहिले. बचत गटाची ठेव मोडून ते घ्यावे, असे आम्हां दहाजणींचे चालले आहे. यंत्राबरोबर आणखी काय काय लागेल ते कळवावे."

ठेव दहा घरांची आहे. म्हणून उत्तर एकट्या त्यांना न पाठवता या पानावर देतो आहे.

आधी ही रीत समजून घ्या. आपण सांडगे-कुरडया उन्हात घालतो, तेव्हा त्यांतल्या पाण्याची वाफ होते. फळाचे तसे केले तर ते आक्रसते, काळवंडते, चिवट होते. गोठवून वाळवताना फळ आधी दगडासारखे कडक गोठवतात. मग ते घट्ट बंद पेटीत ठेवून आतली हवा पंपाने ओढून घेतात. हवेचा दाब अगदी कमी झाला की बर्फ वितळत नाही, त्याची थेट वाफ होते. फळाचा आकार, रंग, वास बराचसा तसाच राहतो आणि पाण्यात टाकले की ते पुन्हा फुगते. घरच्या फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्यात महिनोन्‌ महिने राहिलेले मटार तुम्ही पाहिले असतील. वरून पांढरट, कोरडे पडतात. तिथेही हेच घडते, पण फार सावकाश. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतातले शेतकरी शेकडो वर्षांपासून बटाटे रात्रीच्या कडाक्यात गोठवून, दिवसा पायांनी तुडवून पाणी काढतात आणि उन्हात वाळवून ठेवतात. 'चुन्यो' म्हणतात त्याला. आपल्याकडे तशी थंडी नाही, म्हणून यंत्र लागते.

आता यादी घेऊ.

१) यंत्र. त्यात चार भाग असतात : ट्रे ठेवायची बंद पेटी, ट्रेला हलकी ऊब देणारी तार, निघालेली वाफ बर्फ करून धरून ठेवणारा थंड भाग आणि हवा ओढणारा निर्वात पंप. यांतला एक नसला तरी काम होत नाही. नुसत्या डीप फ्रीझरला कोणी 'गोठवून वाळवायचे यंत्र' म्हणून विकत असेल, तर हात जोडून परत पाठवा. दाराच्या रबराला चीर गेली तरी हवा आत शिरते, म्हणून रबर रोज पुसावे आणि तपासावे.

२) पंपाचे तेल. बरेच पंप तेलावर चालतात. फळातला ओलावा तेलात उतरला की ते गढूळ होते. मग ते गाळावे किंवा बदलावे. तेल पंपाचेच हवे. गोडेतेल किंवा इंजिनाचे तेल ओतून काटकसर करू नये.

३) वेगळा डीप फ्रीझर. माल आधीच गोठवून ठेवला तर यंत्राचे कित्येक तास वाचतात. फोडी पाऊण-एक सेंटीमीटर जाडीच्या, सारख्या, ट्रेवर एकाच थरात. जाड-बारीक फोडी एकत्र घातल्या की बारीक वाळतात आणि जाड आतून ओल्या राहतात.

४) विजेची सोय. एका घाण्याला चोवीस ते चाळीस तास लागतात. मध्येच वीज गेली तर फळातला बर्फ वितळतो आणि ट्रेवर चिकट लगदा उरतो. म्हणून चांगली अर्थिंग, स्टॅबिलायझर आणि इन्व्हर्टर किंवा जनरेटर हवाच. शेतीपंपाच्या जोडणीवर हे यंत्र चालवू नये. ती वीज काही तासच असते आणि त्या कामासाठी दिलेलीही नसते.

५) ओट्यावरचे सामान. धारदार सुरी, स्वच्छ पाट, मटार-मक्यासाठी वाफवायचे भांडे आणि ग्रॅम दाखवणारा काटा. काट्याची चैन म्हणून टाळाटाळ करू नका. त्याच्याशिवाय माल वाळला की नाही ते कळत नाही.

६) भरण्याचे सामान. वाळलेला माल हवेतला ओलावा पापडाहून लवकर ओढतो. साधी प्लॅस्टिकची पिशवी चालत नाही. ॲल्युमिनियमचा थर असलेल्या जाड पिशव्या, त्या चिकटवायचे सीलिंग यंत्र आणि प्राणवायू शोषणाऱ्या पुड्या लागतात. त्या पुडीत लोखंडाची भुकटी असते. पाकीट उघडले की तिचे काम सुरू होते. म्हणून लागतील तेवढ्याच काढाव्यात, बाकीच्या लगेच बंद कराव्यात. मुलांच्या हाती पुडी लागू देऊ नये.

७) वही आणि चिठ्ठ्या. पिशवीवर मालाचे नाव, तारीख, ओले वजन आणि वाळले वजन लिहावे.

आता माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात आम्ही फणसाचे गरे असे वाळवले. वरून कुरकुरीत लागले, म्हणून मी घाईने पिशव्या भरायला सांगितले. पंधरा दिवसांनी पिशव्या फोडल्या, तर काही गऱ्यांना आंबूस वास येत होता. मध्यभागी ओल राहिली होती. नशिबाने कोणी खाल्ले नाही. काटा शेजारीच होता, पण मी वजन केले नव्हते. तेव्हापासून नेम ठेवला आहे : ट्रे काढा, वजन लिहा, पुन्हा दोन तास यंत्रात ठेवा, पुन्हा वजन करा. वजन घटले तर माल वाळलेला नाही. घटायचे थांबले तरच भरा. सगळ्यांत जाड फोड मोडून पाहा. मधोमध गार किंवा मऊ लागली तर परत आत.

हा नेम का पाळायचा, तेही सांगतो. हवा काढलेल्या पिशवीत ओल राहिली, तर प्राणवायूशिवाय वाढणारे विषारी जंतू माजू शकतात. त्यांचे विष जिवावर बेतते आणि दर वेळी वास येतोच असे नाही. दुसरे म्हणजे, गोठवून वाळवल्याने जंतू मरत नाहीत, ते झोपी जातात. कच्चे दूध, कच्चे मांस वाळवले तरी ते कच्चेच असते. म्हणून हात, सुरी, पाट स्वच्छ हवेत आणि माल भिजवायचे पाणी उकळून गार केलेले हवे.

सगळेच पदार्थ या रीतीने वाळत नाहीत. तूप, तेल, तेलकट लोणचे, मध, गूळ, जॅम यांच्या वाटेला जाऊ नये. तेला-तुपात वाळवायला पाणीच नसते आणि फार साखर असली की पदार्थ चिकट होऊन फुगतो. स्ट्रॉबेरी, फणस, चिकू, आंब्याच्या फोडी, मटार, मक्याचे दाणे, दही हे चांगले वाळते.

आता पैशांकडे येऊ. घरगुती यंत्रात एका वेळी चार-पाच किलो ताजा माल बसतो. स्ट्रॉबेरीत दहा भागांत नऊ भाग पाणी. पाच किलोचे हाती राहते अर्धा किलो. यंत्र सरासरी एक किलोवॅट वीज घेते आणि घाणा तीस तास चालतो असे धरा, तर तीस युनिट झाले. आठ रुपये दराने २४० रुपये. फळ शंभर रुपये किलो धरले तर ५०० रुपये. पिशवी, पुडी, तेल मिळून ६० रुपये. अर्ध्या किलोला ८०० रुपये, म्हणजे किलोला १६०० रुपये पडले. यात मजुरी नाही, यंत्राची किंमतही नाही आणि ती लाखांत जाते. आकडे उदाहरणाचे आहेत. तुमचे दर घालून गणित पुन्हा मांडा.

त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. भरणे, काढणे, साचलेला बर्फ वितळवणे धरून एका घाण्याला दीड दिवस जातो. महिन्यात वीस घाणे, म्हणजे जेमतेम शंभर किलो फळ. दहा घरांच्या वावरातून भाव पडलेल्या एका दिवसात याहून जास्त फळ निघेल. तेव्हा भगिनींनो, पडलेल्या भावातून हे छोटे यंत्र तुम्हांला सोडवणार नाही. निवडक फळाचा महाग माल तयार करायचा असेल आणि तो घेणारा गिऱ्हाईक हाताशी असेल, तरच ते उपयोगाचे आहे.

म्हणून माझा सल्ला असा. ठेव आज मोडू नका. ज्यांच्याकडे असे यंत्र आहे त्यांच्याकडून दहा किलो फळ भाड्याने वाळवून घ्या. नमुने घेऊन चार दुकाने, दोन हॉटेले फिरा. कोणी किती माल, कोणत्या भावाने घेईल ते लिहून आणा. मुलालाही बरोबर न्या. यंत्र त्याने पाहिले आहे, आता बाजार पाहू द्या. दरम्यान जादा फळाचा गर, क्रश आणि जॅम करा. त्याला लागणारी भांडी गटाला पेलतील. घरापुरता भाजीपाला वाळवायला सौर वाळवणी यंत्र पुरेसे आहे. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. मैसूरला १९५० साली सुरू झालेली केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. तिथल्या प्रशिक्षणाचीही माहिती घ्या. विकायचे ठरले तर अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची नोंदणी आधी, माल नंतर.

गिऱ्हाईक पक्के झाले आणि गणित जुळले, तर यंत्र जरूर घ्या. दहाजणींनी मिळून घ्या आणि काट्याशेजारची वही एकीच्याच हाती द्या. नमुने घेऊन फिरल्यावर काय अनुभव आला, ते मात्र मला लिहून कळवा. तो या पानावर इतरांच्याही उपयोगी पडेल.

तूर्त इतकेच.