निर्माल्याला घरात जागा द्या

एकदा देवाला वाहिलेलं पुन्हा वाहायचं नसतं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. उज्जैनच्या महाकालेश्वराला मात्र वाहिलेलं पुन्हा अर्पण करता येतं, अशी तिथली परंपरा सांगतात. काळाचाच स्वामी तो. त्याच्यापुढे ताजं काय नि शिळं काय! हे देऊळ अठराव्या शतकात पुन्हा उभं केलं ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी. तेव्हा आपल्या मुलखाशीही त्याचं जुनं नातं आहे.

या देवळात रोज फुलं आणि इतर कचरा मिळून पाच-सहा टन निर्माल्य जमतं, असं केंद्र सरकारने 2024 मध्ये सांगितलं होतं. त्यापासून उदबत्त्या आणि खत बनवतात. क्षिप्रेत कुजण्यापेक्षा हे शतपटीने बरं.

पण घरातल्या निर्माल्याचं काय? प्रसादाचं फूल टाकवत नाही म्हणून आपण ते पोथीत नाहीतर तसबिरीमागे कोंबतो. तिथे त्याला बुरशी येते. मग प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पुलावरून नदीत! आणि दिवाणखान्यासाठी मात्र रंग मारलेली सुकी फुलं विकत आणतो. हा कुठला हिशेब?

निर्माल्य शोभेला ठेवणं पाप, असं कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. देवाचं फूल पायदळी येऊ नये, एवढाच त्या धाकाचा अर्थ. काचेच्या वाडग्यात जपलेलं फूल पायदळी कसं येईल?

कृती सोपी आहे. गुलाब, शेवंती, झेंडू ओले असतानाच दोरा काढून वेगळे करा. देठ असलेली फुलं पाच-सहांच्या जुडीने, उलटी, अंधाऱ्या पण हवेशीर जागी दोन-तीन आठवडे टांगा. उन्हात रंग उडतो. सुट्या पाकळ्या कागदावर पसरून सावलीत वाळवा आणि त्यात थोडा वाळा, चार लवंगा घाला. सुरंगीचा वळेसर मिळाला तर विचारूच नका, तो सुकला तरी वास सोडत नाही.

मात्र सुकी फुलं एकदा मांडली की झालं, असं नाही. महिन्याकाठी मऊ ब्रशने धूळ झाडावी, मोडलेली काढून नवी घालावीत, वास गेला की अत्तराचे दोन थेंब सोडावेत. माळव्याच्या कोरड्या हवेत ती टिकतील. आपल्याकडे जून लागला की घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावी लागतात. एवढं होणार नसेल तर या फंदात पडू नये. धूळ खाणारी फुलदाणी म्हणजे घरातला उकिरडाच.

आणि वर्षभराने, चुरा होऊ लागला की मोह न धरता तो तुळशीच्या मातीत मिसळावा. जपणं म्हणजे कायमचं अडकवून ठेवणं नव्हे. महाकाळाच्या भस्माने आणखी काय वेगळं सांगितलंय?